जाग्यावरच

बनुबाई दरवर्षी एकच प्रश्न विचारायची आणि कृष्णात दरवर्षी एकच उत्तर द्यायचा. माघात लेकाच्या, सयाजीच्या फोटोला हार घालून झाला, गावातली चार माणसं हात जोडून गेली, की ती त्याला आत स्वयंपाकघरात बोलवायची, बसायला पाट द्यायची आणि हळू आवाजात विचारायची, "तरास झाला न्हाई न्हवं रं त्याला?"

"न्हाई काकी. जाग्यावरच. त्याला कळलंबी न्हाई," कृष्णात सांगायचा.

ती "बरं" म्हणायची आणि वाढायला घ्यायची. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

ते खोटं होतं. सयाजी जाग्यावर गेला नव्हता. दोघं फौजेत असताना सरहद्दीकडच्या घाटात बर्फावरून त्याचा ट्रक घसरून खाली गेला, तेव्हा मागच्या ट्रकवर कृष्णात होता. दोराला धरून तो खाली उतरला. सयाजी कमरेपासून खाली पत्र्यात अडकला होता आणि शुद्धीवर होता. रस्ता बर्फानं बंद, त्यामुळं मदत पोचायला दीड-दोन तास गेले. तेवढा वेळ कृष्णात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मदत आली तेव्हा नुसतं उचलून न्यायचं काम उरलं होतं.

शवपेटी घेऊन सयाजीच्या गावी तोच आला. सांगलीच्या अलीकडं नदीकाठचं गाव. दारात बनुबाई उभी होती आणि तिनं पहिलाच प्रश्न तो विचारला. त्यानं काही ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं, जाग्यावरच. पेटीबरोबर येणारा जवान घरच्यांना हेच सांगतो. कुणी शिकवत नाही, पण सगळे हेच सांगतात. एकदा सांगितलं की मग ते सांभाळावं लागतं. कृष्णातनं ते सांभाळलं होतं. बाकी त्याच्या आयुष्यात सांभाळावं असं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, पण म्हातारीला हे कळता कामा नये, एवढं एक त्याच्या मनात पक्कं होतं.

कारण त्या दिवसापासून त्याच्या आतलं काहीतरी बंद पडलं होतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं झालं होतं. तो जेवायचा, हसायचा, भावकीतल्या लग्नात फेटा बांधून वरातीपुढं चालायचा. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा पेढे आणायला तोच गेला, आणि पेढे घेऊन येताना आपल्याला आनंद झालाय की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. त्याची बायको अंजना एकदा तिच्या बहिणीला फोनवर म्हणाली होती, "माणूस घरात हाय, पर गावाला गेल्यागत." त्यानं ते ऐकलं होतं. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी तो चाळिशीत रिटायर होऊन उंब्रजला आला. ऊस भाऊ बघत होता, दोघांनी बघावा इतका काही तो नव्हता. गावात सगळे त्याला मेजर म्हणू लागले. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, मग आत तो हवालदार असो नाहीतर आणखी कुणी. मेजर सकाळी हायवेच्या पुलाखाली चहाच्या गाड्यावर बसायचा, पुण्याकडं जाणारे ट्रक बघायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. शेवटी अंजनाच म्हणाली, "आवं, असं बसून बसून दगड हुशीला. कायतरी नोकरी बघा."

मलकापूरला सर्व्हिस रोडच्या कडेला अंकिता नावाच्या बाईचं ऑफिस होतं. पुण्यात काही वर्षं कंपन्यांसाठी माणसं शोधायचं काम करून ती परत आलेली, आणि आता रिटायर जवानांना नोकऱ्या मिळवून द्यायचा व्यवसाय करत होती. बोलायला चटपटीत, मनानं चांगली. तिनं कृष्णातला समोर बसवलं आणि त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकलं. नोकरदार माणसांचं हे ॲप म्हणजे एक गंमतच आहे. तिथं लोक नोकरी लागली की सांगतात, सुटली की सांगतात आणि मधल्या काळात एकमेकांचं अभिनंदन करतात. तिथला प्रत्येक माणूस सदा कशानंतरी भारावलेला असतो. सरळ साधा कंटाळलेला माणूस तिथं औषधाला मिळायचा नाही.

"मेजर, हल्ली नोकरी अर्जानं मिळत नाही, ओळखीनं मिळते," अंकिता म्हणाली. "आणि ओळखी इथं होतात. तुम्ही इथं दिसलात तर तुम्ही आहात."

"मला लिवता येत न्हाई असलं."

"तुम्ही लिहायचंच नाही. हा एआय आहे ना. हा तुमच्या नावानं लिहिणार, लोकांशी ओळखी वाढवणार, कुणी काही म्हटलं तर उत्तरही देणार. तो अधूनमधून तुम्हाला प्रश्न विचारेल. माइक दाबायचा आणि आपल्या भाषेत बोलायचं. बाकी तो बघतो."

आणि तो खरंच बघू लागला. कृष्णात पुलाखाली चहा पीत असायचा आणि त्याच वेळी मोबाइलमधला कृष्णात पुण्या-मुंबईच्या साहेबलोकांना कळवत असायचा, की आपल्या प्रवासातून मला खूप शिकायला मिळालं. कसला प्रवास आणि कुठला, हे खऱ्या कृष्णातला ठाऊक नव्हतं. जतचा एक जुना सोबती आता बँकेत गार्ड होता. त्याचा फोन आला, "गड्या, माजं इंग्लिशमधी अभिनंदन केलंस. बरा हायस न्हवं?" कृष्णात म्हणाला, बरा हाय. आपण आहोत तिथं बसून आपली कामं परस्पर होतायत, हे त्याला सोयीचंच वाटलं. तसंही आतून यावं असं काही त्याच्याकडं येत नव्हतं, दुसऱ्या कुणी आणून दिलं तर बिघडलं कुठं.

चैत्रात एका दुपारी तो मळ्यात मोटार चालू करायला गेला होता. तिथं मोबाइलवर प्रश्न आला. ‘तुमच्या सेवाकाळातला सर्वात कठीण प्रसंग कोणता? त्यातून तुम्ही काय शिकलात? नावं, ठिकाण आणि तपशील दिल्यास मजकूर अधिक परिणामकारक होईल.’

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं विचार केला असता, की काय सांगावं आणि काय ठेवावं. पण कृष्णात वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. तिथं अपघात झाला की चौकशी बसते. साहेब विचारतात, जवान सांगतो, जसं घडलं तसं, काही न वगळता. ते लिहिलं जातं, सही होते आणि कागद वर जातो. वर गेलेला कागद खाली कधी येत नाही. सयाजीच्या वेळची सगळी हकीगत त्यानं अशीच एकदा चौकशीत सांगितली होती, आणि पुढं ती कुणाच्या कानावर आली नव्हती. विचारणाऱ्याला खरं सांगायचं आणि घरच्यांना बरं सांगायचं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांची कधी गाठ पडत नव्हती. मोबाइलनं जसा प्रश्न विचारला तसा फक्त साहेबच विचारतात. म्हणून त्यानं माइक दाबला आणि मोटारीच्या खोलीत ताठ उभं राहून सगळं सांगितलं.

सयाजीचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. ट्रक कसा घसरला ते सांगितलं. तो दीड-दोन तास जिवंत होता हे सांगितलं. सुरुवातीला तो कण्हत होता, मग त्याला आपण घरीच आहोत असं वाटायला लागलं, हेही सांगितलं. तो आईला हाका मारत होता. आये, दार लाव, वारं येतंय, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी म्हणालो, लावलं. तो थोडा गप पडायचा आणि परत म्हणायचा, आये, दार लाव. मी परत म्हणायचो, लावलं, झोप आता. असं शेवटपर्यंत चाललं होतं.

हे सांगताना त्याचा आवाज कुठंही हलला नाही. बाहेर मोटारीचा आवाज येत होता, पाटाला पाणी लागलं होतं. मोबाइलवर अक्षरं उमटली, ‘मनापासून सांगितल्याबद्दल धन्यवाद. आणखी काही जोडायचं आहे का?’

"न्हाई साहेब," कृष्णात म्हणाला आणि पाणी बघायला गेला.

रविवारी सकाळी फोन वाजायला लागला तो थांबेचना. पहिला अंकिताचा. "मेजर, तुमची पोस्ट धावतेय नुसती. हजारांनी लोकांनी वाचली. पुण्याच्या एका माल-वाहतूक कंपनीला तुम्ही हवे आहात, ट्रक आणि ड्रायव्हर सांभाळायला. काय लिहिलंय हो, मला रडू आलं."

कृष्णातनं ॲप उघडलं. त्याचा वर्दीतला फोटो होता आणि खाली मथळा, ‘बर्फानं मला शिकवलेले नेतृत्वाचे पाच धडे’. तो उभ्यानंच वाचू लागला. सयाजीचं नाव, गाव, सगळं होतं. ‘तब्बल दोन तास तो मृत्यूशी झुंजत होता,’ असं होतं. त्यापुढं सयाजीच्या तोंडी दोन वाक्यं होती. ‘माझी चिंता सोडा. आधी सामान पुढं पोचवा, मोहीम थांबता कामा नये.’ मग धडे सुरू होत होते. पहिला धडा, ध्येय माणसापेक्षा मोठं असतं. सयाजी असलं काही बोलला नव्हता, पण त्या वेळी कृष्णातचं त्या वाक्यांकडं लक्षच गेलं नाही. त्याची नजर ‘दोन तास’ ह्या शब्दांवर अडकून बसली होती.

खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. सलाम, अंगावर काटा आला, सोमवारच्या मीटिंगमध्ये टीमला वाचून दाखवणार. प्रत्येकाला कृष्णातच्या नावानं उत्तर गेलेलं होतं, आपल्या शब्दांनी ऊर्जा मिळाली. बोट फिरवता फिरवता तो एका नावापाशी थांबला. मंगल. सयाजीची धाकटी बहीण. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं ती हिशेबनीस होती. परगावचे खरेदीदार शोधायला शेठजींनी तिला हे ॲप वापरायला लावलं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘कृष्णातदादा, हे खरं आहे का? आईला तुम्ही वेगळं सांगितलं होतं.’

त्याच्या खाली कृष्णातचं उत्तर होतं. ‘आपल्या मोलाच्या प्रश्नाबद्दल आभार, मंगलजी! होय, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. असे प्रामाणिक अनुभवच आपल्याला घडवतात. संपर्कात राहूया!’

कृष्णातनं ते दोनदा वाचलं. मंगलजी. ही पोर नऊ वर्षं त्याला भाऊबीजेला ओवाळत आली होती. आपल्याला आता भीती वाटायला पाहिजे, शरम वाटायला पाहिजे, असं त्याला कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच तो मलकापूरला दारात उभा होता. अंकिता आली तशी म्हणाला, "पुसून टाका मॅडम."

"काय पुसू?"

"सगळं. ते लिवलेलं, मी बोललेलं, समदं मुळासकट. कुठं काय राहू देऊ नका."

तिनं खूप समजावलं. कंपनीनं पोस्ट बघूनच विचारलंय, निदान मुलाखत होईपर्यंत तरी राहू दे, म्हणाली. तेव्हा त्यानं तिला थोडक्यात सांगितलं, की त्या पोराची आई जिवंत आहे आणि तिला हे माहीत नाही. अंकिताचा चेहराच उतरला. "तुम्ही सांगितलं का नाही आधी? मला वाटलं तुम्हाला चालणार असेल म्हणूनच बोललात," ती म्हणाली. तिनं कॉम्प्युटरवर बसून पोस्ट काढली, त्याचं बोलणं जिथं साठलं होतं तेही काढलं, आणि स्क्रीन त्याच्याकडं वळवून दाखवली. आता तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

"मंगलताईंना एक मेसेज तयार करून देऊ का? माफीचे मजकूर चांगले लिहितो हा," तिनं जरा चाचरतच विचारलं.

"नको," कृष्णात म्हणाला. आणि कराडहून सांगलीची एसटी धरली.

मार्केट यार्डात हळदीचा हंगाम जोरात होता. पोती उतरत होती, रस्ता, भिंती, हमालांच्या पापण्या सगळं पिवळं झालेलं. मंगल दुकानाच्या आतल्या बाजूला कॉम्प्युटरपुढं बसली होती. त्याला बघून उठली, शेठजींना सांगितलं आणि बाहेर येऊन कडुलिंबाच्या सावलीत उभी राहिली. ओवाळताना असायचा तो चेहरा नव्हता.

"पुसलं मी सगळं. काकीला कळायच्या आत," कृष्णात म्हणाला.

"कालच कळलंय तिला."

"कसं काय?" त्यानं विचारलं.

"तुमी पुसायच्या आधीच लोकांनी फोटो काढून ठेवल्यात, दादा. काल सकाळीच गावच्या ग्रुपवर आलं. आमच्या गावचा वाघ म्हणून सरपंचांनी संध्याकाळी पाराव माणसं गोळा केली आन् मोठ्यानं वाचून दाखवलं. आईला पुढं खुर्ची दिली हुती. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"मग? काय म्हणली?"

"काय न्हाई. घरी आली, भाकरी केली, सगळ्यांना वाढलं. सकाळी म्हणली, कृष्णातला बोलीव." मंगलनं ओढणीनं हात पुसले. "मी तुमच्याव चिडलेली हाय. खोटं बोललात म्हणून न्हाई. त्ये आमच्यासाठी हुतं, मला कळतंय. पर घरात सांगितलं न्हाई आन् तिथं जगाला सांगितलंत. तिथं का?"

चौकशीची, साहेबांची, वर जाणाऱ्या कागदाची गोष्ट तिला कशी सांगायची हे त्याला समजेना. तो म्हणाला, "त्यानं इचारलं म्हणून." त्याच्या स्वतःच्या कानालाही ते उत्तर वेड्यासारखं लागलं.

मंगलनं स्कूटर काढली. पुलावरून जाताना खाली कृष्णा उन्हानं आक्रसलेली दिसत होती. मागं बसलेल्या कृष्णातचा मोबाइल खिशात थरथरला. ‘गुरुवारी मुलाखत, आपल्या वतीनं होकार कळवला आहे.’ पोस्ट गेली होती, पण मोबाइलमधला कृष्णात अजून कामावर होता. त्यानं मोबाइल बंद केला.

घराच्या सोप्यात सयाजीचे वडील दादासो बसले होते. त्यांनी "ये" म्हटलं, बाजूला सरकून जागा केली आणि ऊन लय वाढलंय म्हणाले. एरवी पाऊसपाणी, कारखान्याचा दर, काय काय विचारायचे, आज तेवढ्यावरच थांबले. आतून बनुबाईनं हाक मारली. कृष्णात चप्पल काढून स्वयंपाकघरात गेला. पाट मांडलेलाच होता. मंगल दाराशी उभी राहिली.

बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. रडलेली दिसत नव्हती, रागावलेली दिसत नव्हती. तिनं त्याला पाणी दिलं, तो पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "दोन तास जित्ता हुता म्हणं."

"व्हय काकी."

"तू हुतास जवळ."

"मांडीव डोकं हुतं त्याचं."

"मग बरं झालं. येकला न्हवता." तिनं रिकामा तांब्या बाजूला ठेवला. कृष्णातला वाटलं, झालं, एवढंच होतं. नऊ वर्षं ज्याला भ्यालो ते म्हातारीनं पेललं. त्याचे खांदे जरा सैल पडले.

"पर मला येक सांग," बनुबाई म्हणाली. "सरपंच वाचत हुता. दोन तास हुता म्हणला, तवा मी कान दिऊन बसले. मला वाटलं, आता माजं नाव येईल. त्यो सामान पोचवा म्हणला, मोहीम म्हणला. मी म्हणलं, पुढं आसंल. सरपंचाला म्हणलं, पुढं वाच. तर पुढं नुसतं धडं हुतं." तिनं पदर सारखा केला. "लहानपणी काटा मोडला तरी आये म्हणायचा. दोन तासांत त्याला माजी आठवण झाली न्हाई व्हय रं?"

दोन तास, दोन तास म्हणून कृष्णात कालपासून घोकत बसला होता, आणि म्हातारीला लागलं होतं ते भलतंच. जे कधी घडलंच नव्हतं ते तिला लागलं होतं.

"त्यो तसं म्हणलाच न्हाई काकी," तो घाईनं म्हणाला. "सामान न्हाई आन् मोहीम न्हाई. त्ये मशीननं लिवलंय."

"मशीनला काय ठावं? तू सांगितल्याबिगर त्ये लिवील व्हय?"

"मी दुसरंच सांगितलं हुतं."

"काय?"

आणि त्यानं सांगितलं. ज्या शब्दांत चौकशीत सांगितलं होतं, ज्या शब्दांत मळ्यात सांगितलं होतं, त्याच शब्दांत. "तुमालाच हाका मारत हुता. घरीच हाय असं वाटत हुतं त्याला. आये, दार लाव, वारं येतंय, म्हणायचा. मी म्हणायचो, लावलं. परत म्हणायचा, आये, दार लाव. दुसरं काय बोललाच न्हाई. शेवटापातुर तुमालाच बोलवत हुता."

बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. दाराशी उभी असलेली मंगल पुढं आली आणि म्हणाली, "दादा, तुमी बोललेलं त्ये फोनमधी हाय का कुठं? असलं तर आईला ऐकवा."

"न्हाई. पुसलं सकाळी. मीच पुसायला लावलं."

मंगलनं आईकडं बघितलं. बनुबाईनं मान हलवली. ती मायेनं, समजुतीनं हलवली होती, आणि तीच कृष्णातला बघवेना.

"आसूंदे," ती म्हणाली. "लेकरा, माज्यासाठी किती येळा खोटं बोलशील?"

"खोटं न्हाई काकी. ह्ये खरं हाय."

"व्हय, व्हय. खरं हाय." आजारी पोराला म्हणतात तसं ती म्हणाली. "नऊ वर्सं तू हितं बसून मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस. म्या इश्वास ठेवला, आन् मला बरंच वाटलं. आता ह्येबी त्याच्यासाठीच सांगतूयास. मला कळतंय की. तवा जाग्यावरच म्हणलास, आता आये म्हणतूयास. छापून आलंय त्ये सोडून तुज्या तोंडचं कसं खरं मानू मी?"

कृष्णातनं तोंड उघडलं. पुन्हा एकदा सांगावं, वेगळ्या शब्दांत सांगावं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पण सांगायला दुसरे शब्दच नव्हते. सयाजी तेवढंच बोलला होता.

"आये, दार लाव," एवढंच त्याच्या तोंडून बाहेर आलं. मग छाती हलायला लागली. आपल्याला काय होतंय हे पहिल्यांदा त्याला समजलंच नाही. नऊ वर्षं जे आत दगड होऊन बसलं होतं ते फुटलं आणि तो पाटावर बसल्या जागी हुंदके देऊन रडायला लागला. त्याला असह्य दुखत होतं. सयाजी गेला याचं दुखत होतं, आणि त्याची शेवटची हाक ज्या माणसासाठी होती तिच्यापर्यंत ती आता कधी पोचणार नाही, याचं त्याहून जास्त.

त्याला रडताना बघून बनुबाईची उरलीसुरली शंकाही गेली. पकडलं गेलेलं पोर असंच रडतं, हे तिनं दोन लेकरं वाढवताना पाहिलं होतं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"गप. रडू नगंस," ती म्हणाली. "म्या रागावले न्हाई. लय चांगला हायस तू."